कवळी, समाधान आणि उच्चार

संपूर्ण कवळी वापरणाऱ्या रुग्णाचे समाधान मोजण्यासाठी ज्या प्रश्नावल्या रूढ आहेत, त्यांत स्लेड व स्पेन्सर यांची १९९४ मधील ४९ प्रश्नांची प्रश्नावली प्रमुख होय. शब्द उच्चारताना अडचण येते काय, हा प्रश्न तीत आहे. अ‍ॅलन व लॉकर यांनी २००२ साली दंतहीन रुग्णांसाठी तिचा १९ प्रश्नांचा संक्षेप केला. त्यात चर्वण, वेदना व संकोच राहिले. उच्चार मात्र गळला. संक्षेपाची सोय मान्य करूनही हा लोप भाषाभ्यासकास खटकल्यावाचून राहत नाही.

वरची कवळी टाळूचा मोठा भाग झाकते; जिभेचे टोक जेथे टेकावयाचे, ती जागाच बदलते. मराठीत याला विशेष महत्त्व आहे. विश्व या अर्थी 'जग' मधील ज तालव्य, तर 'जगणे' या क्रियापदाच्या आज्ञार्थी 'जग' मधील ज दंततालव्य. लिपी हा भेद दाखवीत नाही. तो जिभेनेच राखावयाचा असतो. म्हणून मूळ प्रश्नाचे नुसते भाषांतरही पुरणार नाही. स, च, ज यांचे नमुनाशब्द उच्चारून घ्यावे लागतील.

शिवाय, भाकरी चावता यावी एवढीच ज्याची अपेक्षा आणि ज्याला कीर्तन करावयाचे आहे, त्या दोघांचे गुण सारखे आले तरी समाधान सारखे म्हणता येईल काय? अपेक्षा कवळी बसविण्यापूर्वीच विचारली पाहिजे. ज्याचे बोलणे अडले तो हळूहळू गप्प बसतो. आणि त्याचे मौन समाधान म्हणून मोजले जाते.