चौकट नाकारणारे हात

आपल्या समीक्षेला एक जुनी खोड आहे. पुस्तक हाती आले की आशय काय, भूमिका कोणती, बांधिलकी कोणाशी, एवढे ती विचारते. ते पुस्तक कोणाच्या हातांनी घडले, त्या हातांना निर्णयाचा अधिकार किती होता, आणि छापखान्याची किल्ली कोणाच्या कनवटीला होती, हे ती विचारीत नाही. नुसत्या शब्दांच्या पुस्तकात ही चूक खपून जाते. चित्रकथेत ती खपत नाही. 'चवदार तळ्यावर हजारो माणसे जमली' हे वाक्य लेखक एका दमात लिहून मोकळा होतो. चित्रकाराला ती माणसे एकेक करून कागदावर उतरवावी लागतात. लेखकाची एक ओळ म्हणजे चित्रकाराचे चार दिवस. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी 1936 साली बजावले होते. मग ज्या पुस्तकात एक सांगतो, दुसरा काढतो आणि तिसरा छापून विकतो, त्या पुस्तकाला हा निकष लावायचा नाही काय?

तो लावण्यासाठी 'भीमायन'इतके योग्य पुस्तक दुसरे नाही. दिल्लीच्या 'नवायन' प्रकाशनाने ते 2011 साली इंग्रजीत काढले. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. पुस्तकाचा मुख्य आधार म्हणजे बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आत्मकथन. मसूर स्टेशनवर उतरलेली आणि रात्रभर घोटभर पाण्यावाचून राहिलेली मुले. बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून काठ्यांच्या धाकाने बाहेर काढलेला, परदेशातून शिकून आलेला तरुण. 1934 साली दौलताबादच्या हौदावर अडविलेले सहप्रवासी. पाणी, निवारा, प्रवास. माणूस म्हणून जगण्याच्या या साध्या गोष्टी.

बाबासाहेबांवर चित्रकथा पूर्वीही निघाली होती. 'अमर चित्र कथा'ने ती 1979 साली काढली. सरळ रेषांच्या चौकटी, चौकटीत ठसठशीत चेहरे, वर निवेदनाची पट्टी. ज्या साच्यात देव आणि राजे बसविले, त्याच साच्यात बाबासाहेबही बसविले गेले. थोर पुरुष आणखी एक. त्यांच्या जन्मभराच्या संघर्षाने तो साचा मात्र कुठेच तडकला नाही.

व्याम दांपत्याने हा साचाच नाकारला. माणसांना चौकटीत कोंडणे त्यांना मान्य नव्हते. चौकटीऐवजी त्यांनी 'डिगना' वापरला. लग्नकार्याला, सणाला घराच्या भिंतीवर आणि जमिनीवर परधान गोंड बाया जी नक्षी काढतात, तो हा डिगना. दुर्गाबाई लहानपणी आईपाशी तोच शिकल्या. त्यामुळे पान बंदिस्त होत नाही, वाहते. संवादाच्या फुग्यांचेही तसेच. मायेच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार, विषारी बोलण्याला विंचवाची नांगी. तहानेने व्याकूळ झालेल्या भीमाच्या अंगात मासा उतरतो. महाडच्या सभेत कर्ण्यांतून शब्दांबरोबर पाण्याच्या धारा गर्दीवर बरसतात. पाण्याचा हक्क आणि बोलण्याचा हक्क एकच आहेत, हे सांगायला शब्दांत पाने खर्ची पडली असती. दुर्गाबाई-सुभाष यांनी ते एका रेषेत सांगितले. हे केवळ कसब नव्हे. पान कसे असावे हे ठरविण्याचा अधिकार ज्या क्षणी काढणाऱ्या हातांकडे आला, त्या क्षणी हे पुस्तक श्रेष्ठ झाले.

हा अधिकार त्या समाजाला सहजासहजी मिळालेला नाही. परधान हे गोंडांचे भाट. बाना वाजवायचा, यजमानाची वंशावळ गायची आणि देईल ते दान घ्यायचे. पुढे भोपाळच्या भारत भवनाने, ते 1982 साली उघडले, पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांच्या हातांतील कला शहरी भिंतींवर आणली. त्यांच्यामागून नात्यागोत्यातली माणसे भोपाळला आली. व्याम दांपत्यही त्यांतलेच. यजमान बदलला: गोंड घराण्याच्या जागी सरकार, कलादालन, संग्राहक आले. त्याच जनगढसिंहांनी 2001 साली जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना आत्महत्या केली. कलेचा गौरव आणि कलावंताचे एकाकीपण एकत्र नांदू शकते, याचा याहून कडवट पुरावा नको. दुर्गाबाईंना 2022 साली पद्मश्री मिळाली, याचा आनंद आहेच. पण पद्मश्री हा सन्मान आहे, रोजगार नव्हे.

आता 'भीमायन'ची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. कथा सुरू होते ती राखीव जागांवर कुरकुरणाऱ्या एका शहरी माणसाला समजावून सांगण्याच्या निमित्ताने. म्हणजे पुस्तकाने कल्पिलेला वाचक हा ज्याला अजून पटवायचे आहे असा, इंग्रजी वाचणारा माणूस आहे. वस्तीतल्या मुलाला अस्पृश्यता पटवावी लागत नाही. खैरलांजी 2006 साली घडले, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. त्याला या पुस्तकातून शब्दांपेक्षा चित्रेच अधिक देतात. हात आदिवासी, जीवन दलिताचे, पण शब्द आणि छापखाना तिसऱ्याच ठिकाणी, ही विभागणी इथेही उरतेच. फुल्यांच्या 1873 सालच्या 'गुलामगिरी'वरील चित्रकथाही 2011 सालीच, त्याच प्रकाशनाकडून, इंग्रजीतच निघाली. त्यांनी केले याबद्दल तक्रार नाही. आम्ही का केले नाही, हा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर आपल्याच घरात आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तिका, दिनदर्शिका, तसबिरी यांचे ढीग लागतात. ती चित्रे काढणाऱ्याचे नाव आपण कधी वाचतो काय? मोर्च्याचा फलक, जयंतीचा देखावा, पुस्तकाचे मुखपृष्ठ, सारे 'चळवळीचे काम' म्हणून फुकट काढून घ्यायचे, आणि पोराने रंगाचे पैसे मागितले की त्याच्या निष्ठेवर शंका घ्यायची! बलुत्याविरुद्ध लढणाऱ्या चळवळीने चित्रकाराला बलुतेदार करावे, यासारखी विसंगती नाही.

बाबासाहेबांनी 'मूकनायक' 1920 साली आणि 'बहिष्कृत भारत' 1927 साली काढले. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने भरावे लागले. पुढे त्यांनी चळवळीचा स्वतःचा छापखाना उभारला. लिहिणारा हात आणि छापणारे यंत्र आपल्या ताब्यात असल्यावाचून आवाज आपला राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते. चित्र काढणाऱ्या हाताला हाच न्याय आपण अद्याप लावलेला नाही. कलाशाळांतून आपली मुले आज बाहेर पडत आहेत. त्यांना विषय शिकविण्याची गरज नाही. तो त्यांच्या अंगावर वळासारखा उमटलेला आहे. त्यांना द्यायचे आहे ते वर्षभर काम करता येईल एवढे मानधन, मुखपृष्ठावर नाव, आणि पान कसे असावे हे ठरविण्याचा हक्क. भोपाळच्या दोघांनी चौकट मोडून दाखविली आहे. ती आपल्या दारात पुन्हा उभी राहणार नाही, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.