झाशीची रंगशाळा आणि राजसत्ता: एक चिकित्सा

नाटक राजकीय कशामुळे ठरते? संहितेमुळे, नटामुळे की प्रेक्षकांमुळे? फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील रंगभूमी अभ्यासताना हा प्रश्न नेहमी पुढे येतो. प्रस्तुत टिपणात तोच प्रश्न आपण झाशीच्या मराठी दरबाराला विचारणार आहोत.

प्रथम पॅरिस पाहू. नोव्हेंबर 1789 मध्ये शेनिए यांचे ‘नववा चार्ल्स’ हे नाटक रंगमंचावर आले. त्यात राजाच प्रजेच्या कत्तलीला संमती देतो. जानेवारी 1791 च्या कायद्याने कोणाही नागरिकाला नाट्यगृह काढण्याची मुभा मिळाली. पण ऑगस्ट 1793 मध्ये ठरावीक देशभक्तिपर नाटके आठवड्यातून तीनदा करण्याचा हुकूम निघाला आणि पुढच्याच महिन्यात ‘कोमेदी फ्रांसेझ’चे नट तुरुंगात गेले. मोकळीक आणि सक्ती, दोहोंचे कारण एकच होते. तिकीट काढून आलेला प्रेक्षक तिथे एकत्र बसून टाळी देत होता किंवा हुर्यो उडवत होता, आणि सत्तेला त्याची दखल घ्यावी लागत होती.

झाशीचे चित्र वेगळे आहे. मूळच्या कोकणातील नेवाळकर घराण्याचे गंगाधरराव नाटकाचे शौकीन होते आणि त्यांनी रंगशाळा पोसली होती. मात्र त्यांना गादी मिळाली ती कंपनी सरकारच्या निवाड्याने, आणि सुरुवातीला कारभारही कंपनीच्याच हाती होता. विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये त्यांच्याविषयी एक आख्यायिका नोंदवली आहे. महाराज कधीकधी स्त्रीवेष घेत. इंग्रज अधिकाऱ्याने कारण विचारले तेव्हा त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, तुम्ही साऱ्या राजांना बांगड्या भरायला लावल्या, मग हा वेष घेतला तर बिघडले कुठे?

या प्रसंगाचे दोन सोपे अर्थ लावले जातात. एक, राजा विक्षिप्त होता. दुसरा, तो छुपा बंडखोर होता. दोन्ही अपुरे वाटतात. गोडसे झाशीत होते ते 1858 च्या वेढ्याच्या वेळी, आणि गंगाधरराव 1853 मध्येच वारले होते. म्हणजे ही ऐकीव गोष्ट आहे. राजाने खरोखर काय म्हटले यापेक्षा राज्य गमावलेल्या लोकांना त्याच्या वेषात काय दिसले, हे ती अधिक सांगते. आणि गोष्ट खरी धरली तरी तो टोमणा ऐकणारा साहेब एकटाच होता. दरबारी रंगशाळेला आश्रयदाता असतो, जाब विचारणारा प्रेक्षक नसतो. 1854 मध्ये संस्थान खालसा झाले, तेव्हा या रंगभूमीचा आधारच गेला.

वृंदावनलाल वर्मा यांच्या 1946 च्या हिंदी कादंबरीत याच रंगशाळेतील मोतीबाई पुढे राणीची हेर होते. रंगमंच आणि उठाव यांना जोडणारा हा कल्पनेचा पूल आहे. तो कादंबरी म्हणून वाचावा; इतिहासाचा पुरावा म्हणून वापरू नये.

आता सांगलीशी तुलना करू. 1843 चे विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ही राजाश्रयानेच उभे राहिले. पण चिंतामणराव पटवर्धनांच्या निधनानंतर भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले आणि 1853 मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. राजाश्रय सुटला तो या रंगभूमीच्या पथ्यावरच पडला, कारण तिला प्रेक्षक मिळाला. पुढे 1876 मध्ये सरकारने नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा केला. 1907 मध्ये खाडिलकरांचे ‘कीचकवध’ आले. कथा महाभारतातली, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला. 1910 मध्ये त्यावर बंदी आली. महाभारतातील कीचकाची सरकारला धास्ती नव्हती. धास्ती होती त्याच्यात कर्झन ओळखणाऱ्या प्रेक्षागृहाची.

योगायोग असा की ‘माझा प्रवास’ही 1907 मध्येच चिं. वि. वैद्य यांच्या संपादनाने छापले गेले. दरबारात एका साहेबाने ऐकलेला टोमणा तेव्हा कुठे वाचकांपर्यंत पोहोचला.

निष्कर्ष असा: झाशीच्या रंगशाळेत राजकारण नव्हते असे नाही. ते होते, पण राजाच्या वेषापुरते. त्याची चळवळ होण्यासाठी लागणारा प्रेक्षक तिथे नव्हता. म्हणून एखाद्या नाटकाला राजकीय म्हणण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी संहितेबरोबरच आणखी दोन गोष्टी तपासाव्यात: प्रयोगाचा खर्च कोण करत होते आणि समोर कोण बसले होते.