साखरेची सबसिडी आणि एक फसवी वजाबाकी

'सबसिडी दिली की उत्पादन वाढतं, जास्तीचा माल निर्यात होतो, जगातले भाव पडतात.' संशोधन आराखड्यांत हे वाक्य इतक्यांदा दिसतं की त्याला पुरावा मागायचंही कुणाला सुचत नाही. पुरावा म्हणून भारताच्या साखरेवरचा जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलचा डिसेंबर 2021चा अहवाल जोडला जातो. तो नीट वाचायला हवा.

तक्रार ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाची. पॅनेलचा निष्कर्ष असा की 2014-15 ते 2018-19 या पाचही हंगामांत भारताचा ऊस उत्पादकांना असलेला आधार उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेला. भारताचं म्हणणं : एफआरपी कारखाने देतात, सरकार नाही, मग आधार कसला? पॅनेलने हे मानलं नाही, आणि मला ते पटतं. भावाची हमी कायद्याने मिळते आहे, तर पैसे कुणाच्या खात्यातून येतात याने लागवडीचा निर्णय बदलत नाही. (ते वेळेवर येतात का, हा वेगळाच विषय!)

गडबड आहे ती आकड्यात. कृषी करारातलं सूत्र म्हणजे आजचा ठरवलेला भाव वजा 1986-88चा संदर्भभाव, गुणिले पात्र उत्पादन. म्हणजे मधल्या तीस वर्षांची महागाईही सबसिडीत जमा! ओईसीडी चालू आंतरराष्ट्रीय भाव धरून हिशेब करते, तेव्हा भारतीय शेतीचा एकूण आकडा बऱ्याच वर्षी उणे येतो. तो सगळ्या शेतीचा आहे, एकट्या उसाचा नाही, हे खरं. पण पॅनेलचा आकडा कराराचं पालन झालं का एवढंच सांगतो. उत्पादन किती वाढलं, हे त्यातून कळत नाही. रिग्रेशनमध्ये तो 'सबसिडी' म्हणून घालू नका.

मग एफआरपीच घालू? तेही जपून. 2018-19 आणि 2019-20, दोन्ही हंगामांत एफआरपी क्विंटलला 275 रुपयेच होती. महाराष्ट्राचं साखर उत्पादन मात्र साधारण 107 लाख टनांवरून 62 लाख टनांच्या आसपास आलं. आधी 2018चा दुष्काळ, मग ऑगस्ट 2019मध्ये कोल्हापूर-सांगलीचा पूर. शिवाय आडसाली ऊस दीड वर्ष रानात असतो. ज्या हंगामाची एफआरपी जाहीर होते, त्याचा ऊस तेव्हा केव्हाच उभा असतो. त्याच वर्षाचा भाव आणि त्याच वर्षाचं उत्पादन शेजारी मांडलं, तर जे नातं दिसेल ते पावसाचं असेल. निदान एक-दोन वर्षं मागचा भाव घ्या, आणि उत्पादनाऐवजी लागवडीखालचं क्षेत्र बघा.

व्यापारावरचा परिणामच शोधायचा असेल तर एफआरपीपेक्षा निर्यात मदतीकडे वळा. फेब्रुवारी 2019पासून देशात साखरेचा किमान विक्री दर किलोला 31 रुपये होता, जागतिक भाव त्याखाली. 2019-20 मध्ये 60 लाख टनांच्या निर्यातीसाठी टनामागे 10,448 रुपयांपर्यंत मदत दिली गेली. इथे साखळी छोटी आहे : मदत नसती तर यातली किती साखर बाहेर गेली असती, एवढाच प्रश्न.

आणि संदर्भ देताना 'निकाल' लिहू नका. भारताने जानेवारी 2022मध्ये अपील केलं, पण अपील मंडळ डिसेंबर 2019पासूनच सदस्यांअभावी बंद आहे. त्यामुळे अहवाल स्वीकारला गेलेला नाही.