फसलेल्या माणसाला ‘मूर्ख’ म्हणणारे आपण श्रोते

दीपनगरात आमच्यापैकी कित्येकांची सवय अशी की, रात्रपाळीला जाता-येता कानात गुन्हेगारी पॉडकास्ट लावायचा. बुवा, मांत्रिक, पंथ, फसवणूक यांच्या गोष्टी जास्त ऐकल्या जातात. एपिसोड संपला की मत ठरलेलं असतं: “इतके कसे हो मूर्ख लोक?” आज आम्हाला बोलायचंय ते या मताबद्दल. आणि हे मत आमचंही होतं, हे आधी कबूल करतो.

सांगली जिल्ह्यातलं म्हैसाळ आठवा. २० जून २०२२ रोजी तिथे दोन भावांच्या दोन घरांत मिळून नऊ जण मृतावस्थेत सापडले. चिठ्ठ्या मिळाल्या, सावकारी कर्जापायी सामूहिक आत्महत्या अशी बातमी झाली, सावकारांवर गुन्हे दाखल झाले. आठवडाभरात पोलिसांनी वेगळंच सांगितलं: गुप्तधनाचं आमिष दाखवणाऱ्या मांत्रिकाने विष देऊन हे खून केले, असा आरोप. आता बघा, त्या भावांपैकी एक शिक्षक, दुसरा जनावरांचा डॉक्टर. मग ‘अडाणी’ हा शब्द कुठे बसवायचा?

आमचा पहिला आक्षेप इथेच आहे. पुष्कळ कार्यक्रम शेवटापासून सुरू होतात. श्रोत्याला बुवा भोंदू आहे हे पहिल्याच मिनिटाला ठाऊक असतं. फसणाऱ्याला मात्र ते ठाऊक नसतं ना! त्याला आधी छोटा खर्च सांगितला जातो, मग मोठा. एकदा पैसे गेले की ते परत मिळवायची आशा हीच दोरी होते. ही पायरी-पायरी ज्या एपिसोडमध्ये ऐकू येते तो चांगला. नुसतं भेसूर संगीत आणि मधूनमधून हशा असेल, तर त्यातून आपल्या हाती काय लागलं?

दुसरा आक्षेप घाईचा. श्रोते तक्रार करतात, “फार लांबवलंय, कोर्टाचं कशाला सांगता?” पण मानवतचं हत्याकांड घ्या. परभणी जिल्ह्यात १९७२ ते १९७४ या काळात खुनांची मालिका झाली, त्यात बहुतेक बळी बायका आणि लहान मुली. गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती अशी कारणं पुढे आली. रमाकांत कुलकर्णी यांच्या तपासावर २०२४ मध्ये वेबमालिकाही आली. मात्र १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात प्रश्न होता तो माफीच्या साक्षीदारावर किती विसंबायचं याचा. थरारात हे कंटाळवाणं वाटतं. पण कोणाला फाशी आणि कोणाची सुटका, हे त्यावरच ठरतं. म्हैसाळची पहिली बातमी आठवली की घाईची किंमत कळते.

बाहेरच्या जगातही हेच. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानातल्या जोन्सटाऊनमध्ये नऊशेहून अधिक माणसं मेली. विषारी सरबताचा त्यात विनोद झाला, आजही इंग्रजीत आंधळ्या अनुयायाला त्यावरून टोमणा मारतात. मेलेल्यांत सुमारे एक तृतीयांश मुलं होती. मुलांनी काय निवडलं होतं?

आता खरी गोष्ट. आपल्या हसण्याचा फायदा कोणाला होतो? बुवाला. कारण फसलेला माणूस आपल्या शेजारीच बसून तोच एपिसोड ऐकत असतो. ‘मूर्ख’ हा शब्द त्याच्या कानावर पडला की तो बायकोलाही सांगत नाही, पोलीस ठाणं तर लांबच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. पण तक्रार करायला तोंड उघडावं लागतं, आणि ते आपण बंद करतो.

म्हणून पुढचा एपिसोड ऐकाल तेव्हा मत देण्याआधी एवढंच विचारा: या माणसाने मला हे सांगितलं असतं, तर मी हसलो असतो की ऐकून घेतलं असतं? आमचं उत्तर काल वेगळं होतं. आज बदलायचा प्रयत्न चाललाय.