नायपॉल, व्ही. एस्.

नायपॉल, सर विद्याधर सूरजप्रसाद : (१७ ऑगस्ट १९३२ – ११ ऑगस्ट २०१८). भारतीय वंशाचा इंग्रजी कादंबरीकार, प्रवासलेखक व निबंधकार. जन्म त्रिनिदाद बेटावरील चगुआनास येथे. ऊसमळ्यांवरील कामासाठी १८४५ ते १९१७ ह्या काळात भारतातून, मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश व बिहार ह्या राज्यांच्या प्रदेशातून, सुमारे १,४३,००० करारबद्ध मजूर त्रिनिदादला नेण्यात आले. नायपॉलचे पूर्वज त्यांपैकीच होत. शिक्षण पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स रॉयल कॉलेजमध्ये व १९५० पासून सरकारी शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड विद्यापीठात. पुढे त्याने इंग्लंडमध्येच वास्तव्य केले.

वाचनाने दिलेली लेखनाची ओढ आणि त्याच वाचनाने नाकारलेला लेखनविषय, हा त्याच्या वाङ्मयातील मूळ पेच होय. ‘रीडिंग अँड रायटिंग’ (२०००) ह्या छोटेखानी आत्मपर पुस्तकात तो त्याने उलगडून दाखविला आहे. अकराव्या वर्षीच त्याने लेखक होण्याचे ठरविले. लेखणी, शाई, कोऱ्या वह्या अशी सर्व सिद्धता होती. लिहावयास मात्र काही नव्हते. वडील मोठ्याने वाचून दाखवीत ते शेक्सपिअरच्या ‘जूलिअस सीझर’मधील भाग आणि डिकिन्झच्या कादंबऱ्यांची आरंभीची प्रकरणे त्याला आवडत, कारण त्यांतील पात्रांना तो मनातल्या मनात पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर आणून बसवी. जे असे आणता येत नसे, ते पुस्तकी संकेत म्हणून स्वीकारावे लागे. ‘जॅस्मिन’ (१९६४) ह्या निबंधातील प्रसंग ह्या संदर्भात बोलका आहे. जाईचे इंग्रजी नाव पुस्तकांतून परिचित, फुलाचा वासही लहानपणापासून ओळखीचा; परंतु ते नाव ह्याच फुलाचे, हे त्याला कळले ते प्रौढपणी, ब्रिटिश गियानात एका वृद्धेकडून. कळूनही शब्द आणि फूल एकजीव झाले नाहीत. ह्याउलट मोकळ्या मैदानातील रामलीला त्याला कोणी समजावून द्यावी लागली नव्हती. तिचे स्मरण तो आयुष्याच्या उत्तरार्धातही करतो.

आपल्यामागे साहित्याची परंपरा नव्हती, हे त्याचे म्हणणे मात्र जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. वडील सीपरसाद नायपॉल (१९०६–५३) हे ‘त्रिनिदाद गार्डियन’चे वार्ताहर. त्रिनिदादमधील हिंदू खेड्यांवरच्या त्यांच्या कथांचे पुस्तक १९४३ मध्ये त्यांनी स्वखर्चाने छापले. मुलाला विषय सापडला तो ह्याच पुस्तकाच्या आधाराने, आणि तसे ऋण १९७६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने मान्यही केले आहे. लेखनाची झळही त्याने प्रथम वडिलांच्याच आयुष्यात पाहिली. जनावरांच्या रोगावर लस टोचून घेण्याऐवजी कालीला बोकड बळी देणाऱ्या शेतकऱ्यांवर सीपरसादांनी लिहिले, तेव्हा त्यांना मृत्यूची धमकी आली आणि १९३३ मध्ये स्वतःच तसा बळी द्यावा लागला. पुढे त्यांचे मन ढासळले. आरशात पाहिले असता आपण दिसत नाही, म्हणून ते किंचाळू लागले, असे आईने मुलाला सांगितले. ‘प्रोलॉग टू ॲन ऑटोबायोग्रफी’ ह्या ‘फाइंडिंग द सेंटर’मधील (१९८४) दीर्घ लेखात ही हकिकत आली आहे. तीत कारुण्याची कोठेही भरती नाही, आणि त्यामुळेच ती अंगावर येते. ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ (१९६१) ह्या त्याच्या सर्वश्रेष्ठ कादंबरीचा नायक वडिलांवरून घेतलेला असून सासुरवाडीच्या मोठ्या कुटुंबातून सुटून स्वतःचे घर मिळविण्याची त्याची धडपड तीत चित्रित केली आहे. हे घर सदोष आणि कर्जात बुडालेले असते. तरी ते स्वतःचे असते. विनोद आणि अनुकंपा यांचा असा मेळ नायपॉलला पुन्हा क्वचितच साधला.

‘द इनिग्मा ऑफ अरायव्हल’मध्ये (१९८७) त्याने स्वतःच्या पहिल्या प्रवासाचे परीक्षण केले आहे. न्यूयॉर्कमार्गे इंग्लंडला निघालेला अठरा वर्षांचा तरुण वहीत टिपणे करतो, परंतु विमानतळावर निरोप द्यायला जमलेले नातलग आणि हॉटेलच्या खोलीत कचऱ्याच्या टोपलीवर वाकून खाल्लेली घरची कोंबडी ही त्या टिपणांत येत नाहीत. लेखक कसा असतो, हे त्याने पुस्तकांवरून ठरविले होते आणि त्या लेखकाला असला अनुभव शोभत नव्हता. वगळलेले परत मिळविणे म्हणजेच लेखन, हा बोध त्याला पाच वर्षांनी, बीबीसीच्या कार्यालयात ‘मिगेल स्ट्रीट’ (१९५९) लिहिताना झाला. दफ्तरखान्यातील वाचनानेही त्याला असेच काही दिले. स्पेनच्या राजाच्या १६२५ च्या पत्रात ‘चगुआनेस’ नावाच्या एका लहान ‘इंडियन’ जमातीचा उल्लेख त्याला आढळला. आपले जन्मगाव एका नामशेष झालेल्या लोकांच्या नावाचे आहे, हे त्याला तेथे कोणीही सांगितले नव्हते. ‘द लॉस ऑफ एल् डोराडो’ (१९६९) हा इतिहासग्रंथ अशा संशोधनातून सिद्ध झाला.

भारताविषयीच्या तीन पुस्तकांत हीच रीत अपुरी पडते. ‘ॲन एरिया ऑफ डार्कनेस’च्या (१९६४) शेवटी तो पूर्वजांच्या गावी जातो आणि मोटारीत जागा मागणाऱ्या मुलाला मागे सोडून निघून जातो. हे त्याने लपविलेले नाही, ही त्याच्या प्रामाणिकपणाची खूण. मुंबईचे कवी निसिम एझिकेल यांनी ‘नायपॉल्स इंडिया अँड माइन’ ह्या निबंधात त्याची बरीचशी निरीक्षणे मान्य केली, परंतु त्यांमागची वृत्ती नाकारली. ‘इंडिया : अ वूंडेड सिव्हिलिझेशन’मध्ये (१९७७) आणीबाणीच्या काळातील भारत असून विजय तेंडुलकरांच्या नाटकांचीही दखल आहे. ‘इंडिया : अ मिलियन म्यूटिनीज नाऊ’चा (१९९०) आरंभ मुंबईत, आंबेडकर जयंतीच्या गर्दीने होतो. नामदेव ढसाळ व मलिका अमरशेख यांच्यावरील भाग ह्या ग्रंथातील उत्कृष्ट भागांपैकी होय. येथे लेखक निर्णय देत नाही, ऐकतो. तथापि मराठी आत्मकथनापर्यंत तो पोहोचतो तो दुसऱ्याच्या मदतीने. आजीच्या घरातील हिंदी त्याने गमावली आणि भारतीय भाषांतील साहित्य त्याच्या कक्षेत आलेच नाही. युरोपातून उसना घेतलेला कादंबरी हा प्रकार भारताच्या इतिहासाची नासधूस पेलू शकत नाही, असे तो ‘रीडिंग अँड रायटिंग’मध्ये सुचवितो, ते मुख्यतः आर. के. नारायण यांच्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या आधारे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ज्याला वाचता येत नाही, त्याने असा निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे.

आफ्रिका, इस्लामी देश आणि वेस्ट इंडीज यांसंबंधीच्या त्याच्या लेखनावर तुच्छतेचा आरोप झाला. टीकाकारांत डेरेक वॉलकॉट व एडवर्ड सैद हे प्रमुख. तो सर्वस्वी निराधार नाही. ‘इन अ फ्री स्टेट’ला १९७१ चे बुकर पारितोषिक व २००१ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक त्यास मिळाले. त्याच वर्षीच्या ‘हाफ अ लाइफ’मधील विली चंद्रन हा तरुण लंडनमध्ये हॉलिवुडच्या जुन्या चित्रपटांची कथानके उचलून त्यांना भारतीय वेश चढवितो. त्यांचे एक पुस्तक निघते. नंतर तो लिहीत नाही, पत्नीबरोबर आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतीत जातो आणि अठरा वर्षे तिच्या जमिनीवर राहतो.