‘क्षमता’ या शब्दाविषयी : समुद्रशैवालाच्या निमित्ताने

मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, रसायनशास्त्र माझा प्रांत नव्हे. पण माझा एक मित्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो. परवा त्याने समुद्रशैवालाच्या कॅप्सूलची बाटली पुढे केली. म्हणाला, “घेऊ का रे? सूज उतरते, गुठळी होत नाही म्हणतात.” म्हणून शोधनिबंध वाचायला बसलो. जिकडेतिकडे एकच शब्द भेटला : क्षमता.

आता, मूळ गोष्ट खरी आहे हे आधी कबूल करू. तपकिरी शैवालातलं फ्युकॉइडन स्वीडनच्या किलिन यांनी १९१३ साली वेगळं काढलं. ही शर्करेची लांब साखळी, तिच्यावर ऋणभारित सल्फेट गट. हेपॅरिनची बांधणीही याच धाटणीची, त्याचा शोध १९१६ चा. परीक्षानळीत फ्युकॉइडन रक्त गोठणं लांबवतं. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरू देणाऱ्या सिलेक्टिनलाही ते अडवतं.

मग दवाखान्यात हेपॅरिनच का स्थिरावलं? हेपॅरिनमधला पाच शर्करांचा ठरावीक क्रम अँटिथ्रॉम्बिनला घट्ट धरतो, आणि त्याची मात्रा मोजून देता येते. फ्युकॉइडन मात्र शैवालाची जात, ऋतू, काढण्याची पद्धत यांप्रमाणे बदलतं. नाव एक, वस्तू अनेक!

पुढची गंमत बघा. लाल शैवालातलं कॅरागीनन, तेही सल्फेटयुक्तच, प्रयोगशाळेत उंदराच्या पंजात टोचून मुद्दाम सूज आणतात. कशासाठी? तर सूज उतरवणारी औषधं तपासायला. तेव्हा ‘शैवाल सूज उतरवतं’ हे सरसकट विधान टिकत नाही.

ॲरिस्टॉटलने शक्यता आणि प्रत्यक्षता वेगळ्या ठेवल्या. बी म्हणजे झाड नव्हे. माती, पाणी, ऊन लागतं. इथे मात्रा लागते, मार्ग लागतो, माणसांवरच्या चाचण्या लागतात. हेपॅरिन टोचूनच देतात, कारण एवढे मोठे रेणू आतड्यातून नीट शोषले जात नाहीत. म्हणजे कॅप्सूलपुढे पेच आहे. रक्तात पुरेसं पोचत नसेल, तर गुठळीबद्दलचा दावा पोकळ. पोचत असेल, तर मित्राच्या गोळीत भर पडून रक्तस्रावाचा धोका. कुठूनही गेलात तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

मी त्याला तेवढंच सांगितलं. संशोधन थांबवा असं माझं म्हणणं नाही, ते व्हायलाच हवं. पण निबंधातली ‘क्षमता’ बाटलीवर येईपर्यंत ‘गुण’ होते, तिथे आपण हटकायला हवं.