जुनी आरएस भारी की नवी? ‘मजा’ मोजायच्या आधी थोडं थांबा

गाड्यांचं वेड असलेल्या चार जणांत बसलात तर एक वाक्य हमखास कानावर पडतं: “जुन्या गाडीत जी मजा होती, ती आताच्या गाडीत नाही.” गाड्यांच्या मासिकांत हे वाक्य छापून येतं आणि व्हिडिओतही ऐकू येतं. त्याच्या बाजूने आकडे कुणी देत नाही आणि विरोधात बोललं तर “तू चालवली नाहीस ना, मग तुला काय कळणार” असं उत्तर मिळतं.

आज या वाक्याची समीक्षा करू. हा लेख रोड टेस्ट नाही. कुठली गाडी घ्यावी हेही इथे सांगायचं नाही. जुनी आणि नवी वेगवान सेडान यांची तुलना लोक ज्या पद्धतीने करतात ती पद्धत तपासायची आहे. तुम्ही पेटची, सेट-नेटची तयारी करताय, उद्या सिनॉप्सिस घेऊन आरआरसीसमोर उभे राहणार आहात. तिथे बहुतेकांची परिकल्पना अशाच वाक्यासारखी असते: ऐकायला अगदी खरी, पण तपासायला गेलं की हातातून निसटणारी.

आधी उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ

स्कोडा कंपनी भारतात आली ती मराठवाड्यात. २००१ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाचं औरंगाबाद) शेंद्रा एमआयडीसीत तिने ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली. २००४ च्या सुमारास याच ऑक्टाव्हियाची ‘आरएस’ आवृत्ती बाजारात आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस ताकद, हाताने टाकायचे गिअर. युरोपात हीच गाडी १८० पीएसची होती, आपल्याकडे ताकद कमी करून आली. तरीही त्या काळात मध्यमवर्गीय माणसाने जिचा फोटो मोबाईलच्या वॉलपेपरवर ठेवावा अशी ती गाडी होती.

पुढे आकडे चढत गेले. २०१७ ची आरएस २३० पीएसची, २०२० ची २४५ पीएसची आणि २०२५ ची २६५ पीएसची. शेवटची तर पूर्ण तयार होऊन परदेशातून आली, फक्त १०० गाड्या, एक्स-शोरूम किंमत ४९.९९ लाख. कंपनीच्या दाव्यानुसार ती शून्यापासून १०० किमीचा वेग ६.४ सेकंदांत गाठते. गिअर आपोआप बदलतात. (तांत्रिकदृष्ट्या ऑक्टाव्हिया ही सेडान नाही, तिचं मागचं झाकण काचेसकट उघडतं. पण आपल्याकडे सगळे तिला सेडानच म्हणतात, आपणही म्हणू.)

आता नेहमीची तुलना कशी होते बघा. २००४ ची आरएस एका बाजूला, २०२५ ची दुसऱ्या बाजूला, आणि निष्कर्ष: “नवी वेगवान, जुनी मजेदार.” पण या दोन गाड्यांत बदललंय काय काय? ताकद, गिअरबॉक्स, टायर, स्टिअरिंग, इलेक्ट्रॉनिक्स, किंमत. सगळंच. इतक्या गोष्टी एकाच वेळी बदलल्या की मजा कशामुळे कमी-जास्त झाली हे सांगताच येत नाही. प्रयोगात सगळी स्वाश्रयी चलं एकदम हलवली तर आश्रयी चलाबद्दल बोलायचा अधिकार राहत नाही, हे आपण एम.एस्सी.लाच शिकतो. गाड्यांच्या बाबतीत मात्र विसरतो.

जोडी बदला, प्रश्न बदलतो

मी म्हणेन, जोडी अशी लावा: २००४ ची ऑक्टाव्हिया आरएस आणि २०२२ ची स्कोडा स्लाव्हिया १.५ टीएसआय. कंपनी एकच. पहिली शेंद्र्याची, दुसरी पुण्याजवळच्या चाकणची. दोघींची ताकद १५० पीएस. दोघी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, टर्बो पेट्रोल. दोघींत हाताचे गिअर मिळायचे. मागच्या सस्पेन्शनची रचनासुद्धा मुळात एकाच जातीची, दोन चाकांना जोडणारा पिळला जाणारा आडवा दांडा. म्हणजे बऱ्याच गोष्टी आपोआप ‘कंट्रोल’ झाल्या.

फरक उरला तो मोजक्या गोष्टींत. जुन्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे इंजिनवर फिरणारा पंप तेलाच्या दाबाने मदत करतो. नवीचं इलेक्ट्रिक, म्हणजे तुम्ही किती जोर लावला हे सेन्सर वाचतो आणि सॉफ्टवेअर ठरवेल तेवढी मदत मोटर करते. जुनीला चारही चाकांना डिस्क ब्रेक, तर स्लाव्हिया बाजारात आली तेव्हा मागे ड्रम होते. आणि नवीला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या कठोर केलेल्या चाचणीत पाच तारे मिळाले.

ही जोडी एक महत्त्वाची गोष्ट दाखवते. २००४ मध्ये ‘परफॉर्मन्स’ म्हणून जी ताकद खास बिल्ला लावून विकली गेली, तीच २०२२ मध्ये घरगुती सेडानमध्ये मिळाली. म्हणजे ‘जुनी परफॉर्मन्स सेडान’ आणि ‘नवी परफॉर्मन्स सेडान’ हे एकाच मोजपट्टीवरचे दोन बिंदू नाहीत. मधल्या काळात मोजपट्टीच सरकली.

जगात हेच जास्त मोठ्या आकड्यांत दिसतं. बीएमडब्ल्यूची पहिली एम-५ (१९८५ च्या आसपासची) २८६ पीएसची आणि सुमारे १,४३० किलोची होती. २०२४ ची एम-५ हायब्रिड आहे, ७२७ पीएस आणि सुमारे २,४३५ किलो. ताकद अडीचपट झाली, पण वजनही १.७ पट झालं, त्यामुळे दर किलोमागची ताकद जेमतेम दीडपट वाढली. गंमत म्हणजे ६०० पीएसच्या आधीच्या एम-५ चा शून्य ते १०० चा दावा ३.४ सेकंदांचा होता, आणि ७२७ पीएसच्या नवीचा ३.५. आकडा वाढला, पण तो ज्यासाठी वाढवला ते वाढलं नाही.

‘मजा’ची कार्यात्मक व्याख्या

आता मूळ शब्दाकडे येऊ. मजा म्हणजे काय? बहुतेक समीक्षक इथे ‘फील’, ‘कनेक्ट’, ‘आत्मा’ असे शब्द वापरतात. भावना खरी असेल, पण या शब्दांवर प्रश्नावली बनत नाही.

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडलेली ‘फ्लो’ची कल्पना इथे उपयोगी पडते. काम जेवढं अवघड, तेवढंच आपलं कौशल्य असेल तर माणूस त्यात रमतो. काम फार सोपं असेल तर कंटाळा, फार अवघड असेल तर भीती. गाडीला लावून बघा. चालकाला मजा तेव्हा येते, जेव्हा तो गाडीच्या क्षमतेचा बराचसा भाग वापरत असतो आणि तो वापरल्याचं उत्तर त्याला लगेच हाताला, पाठीला, कानाला मिळतं.

म्हणजे मोजायला दोन गोष्टी मिळाल्या: क्षमतेचा किती टक्के भाग वापरला, आणि गाडीने उत्तर किती स्पष्ट दिलं.

पहिली गोष्ट कागदावरच तपासता येते. ५० मीटर त्रिज्येचं एक सपाट, कोरडं वळण घ्या. गाडी घसरायच्या आधीचा कमाल वेग म्हणजे टायरची पकड, गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. (वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.) जुन्या टायरची पकड ०.७५ धरा, चांगल्या आधुनिक टायरची १.० धरा. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत. जुन्या गाडीची मर्यादा येते ताशी ६९ किमी, नवीची ८०. आता दोन्ही चालकांना सारखीच मजा हवी आहे, समजा पकडीच्या ७० टक्के भाग वापरायचा आहे. जुना चालक ५८ च्या वेगाने वळेल, नवा ६७ च्या.

फरक फक्त ९ किमीचा, असं वाटेल. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ५८ वरून ६७ म्हणजे दर किलोमागे ऊर्जा ३३ टक्के जास्त. आणि इथे ते मघाशी कटलेलं वस्तुमान परत येतं, कारण धडकेत ते कटत नाही. नवी गाडी जड असेल तर ऊर्जा आणखी वाढली.

गाडी सुधारली, टायर सुधारले. वळणाच्या पलीकडे उभी असलेली उसाची ट्रॉली मात्र तीच आहे. तिला मागे रिफ्लेक्टर नाही हेही तेच आहे. आपल्या अहमदपूरवरून जाणाऱ्या लातूर–नांदेड महामार्गावर हंगामात ज्याने रात्री गाडी चालवली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

सरळ रस्त्यावरही तेच गणित. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार कारसाठी कमाल वेग चौपदरी दुभाजक असलेल्या रस्त्यावर १००, आणि इतर साध्या रस्त्यांवर ७०. २६५ पीएसच्या गाडीत पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला तर ६.४ सेकंदांत चौपदरीची कायदेशीर मजा संपते. ७० च्या रस्त्यावर त्याआधीच. उरलेल्या क्षमतेचे पैसे मोजलेत, पण ती वापरायला रस्ताच नाही.

कोण कोण घुसतंय या तुलनेत?

कॅम्पबेल आणि स्टॅनली यांनी १९६३ मध्ये प्रयोगाच्या आंतरिक वैधतेला असलेल्या धोक्यांची यादी दिली. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरला आपण ती पाठ करतो. इथे एकेक ठेवून बघा.

मॅच्युरेशन: २००४ मध्ये पंचविशीत आरएस चालवलेला माणूस २०२५ मध्ये सेहेचाळीस वर्षांचा आहे. मजा गाडीतून गेली की वयातून?

हिस्टरी: तेव्हाचे रस्ते, तेव्हाची गर्दी, तेव्हा गाडी असण्याचं अप्रूप. हे सगळं ‘जुन्या गाडी’च्या खात्यावर जमा होतं.

मॉर्टॅलिटी: २००४ मध्ये एस्टीम, अॅक्सेंट, इंडिगोही विकल्या जात होत्या. “जुन्या गाड्या भारी” म्हणताना या कुणाला आठवत नाहीत. आठवणीत टिकली ती निवडक गाडी, आणि तिची तुलना होते आजच्या सरसकट गाड्यांशी.

इन्स्ट्रुमेंटेशन: मोजणारं साधनच बदललं. २०११ च्या एम-५ मध्ये इंजिनचा आवाज स्पीकरमधून केबिनमध्ये सोडला जायचा. मग “आवाज ऐकून मजा आली” या उत्तरातून आपण इंजिन मोजलं की स्पीकर?

“इलेक्ट्रिक स्टिअरिंगला फील नसतो” हे वाक्यही असंच सैल आहे. दोन्ही प्रकारांत हात आणि चाक यांच्यामध्ये लोखंडी जोड असतोच. फरक पडतो तो मदत किती आणि कधी द्यायची हे कंपनीने कसं ठरवलं यात. म्हणजे दोष तंत्रज्ञानाच्या जातीचा की जुळवणीचा, हे वेगळं करून दाखवल्याशिवाय विधान पूर्ण होत नाही.

मग अभ्यास कसा कराल?

एकाच चालकाला दोन्ही गाड्या द्या, म्हणजे वय आणि आठवण दोन्हीकडे सारखी राहील. अर्ध्या लोकांना आधी जुनी, अर्ध्यांना आधी नवी, म्हणजे क्रमाचा परिणाम कटेल. दोन्ही गाड्यांना एकाच बनावटीचे नवे टायर घाला. रस्ता बंदिस्त ठेवा, वेगाची मर्यादा तीच ठेवा. प्रत्येक फेरीनंतर लगेच प्रश्न विचारा, आठवड्याने नको. ‘ब्लाइंड’ करता येणार नाही, गाडी ओळखू येणारच. ते मर्यादेच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. परीक्षक मर्यादा लिहिल्याबद्दल गुण कापत नाहीत, लपवल्याबद्दल कापतात.

आणि एक गोष्ट मुद्दाम मोजा: सारखी मजा येण्यासाठी नव्या गाडीत चालक किती जास्त वेगाने गेला? सॅम पेल्ट्झमन या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये मांडलं होतं की सुरक्षित गाडी मिळाली की चालक जास्त धोका घेतो आणि त्याची किंमत पायी चालणारा मोजतो. त्याच्या निष्कर्षांवर पुढे खूप वाद झाले. पण प्रश्न जिवंत आहे, आणि आपल्या रस्त्यांवर तो नीट विचारण्यासारखा आहे.

माझा निकाल

समीक्षा लिहिली म्हणजे बाजू घ्यावी लागते. जुनी आरएस जुनी आहे म्हणून मजेदार नाही. तिची क्षमता आणि रस्त्याची मर्यादा यांच्यातलं अंतर कमी आहे म्हणून ती मजेदार आहे. हे अंतर २०२२ च्या स्लाव्हियासारख्या १५० पीएसच्या, हाताचे गिअर असलेल्या सेडानमध्येही कमीच आहे, आणि वर अपघातात वाचण्याची शक्यता जास्त. म्हणून “मजा गेली” हे मला पटत नाही. मजा परफॉर्मन्सच्या बिल्ल्याखालून निघून साध्या गाडीत गेली, आणि आपण बिल्ला बघून शोधतोय म्हणून ती सापडत नाही. २०२५ ची आरएस यंत्र म्हणून सरस आहे, पण तिची मजा रेस ट्रॅकवरची आहे. ती गावाकडच्या रस्त्यावर वसूल करायला गेलात तर बिल दुसऱ्याच कुणाच्या नावावर फाटेल.

तुमच्या सिनॉप्सिससाठी यातून एक काम घ्या. आज तुमच्या विषयाचं शीर्षक कागदावर लिहा आणि त्यातल्या ‘मजा’सारख्या शब्दाखाली रेघ मारा: ‘परिणामकारकता’, ‘गुणवत्ता’, ‘जागरूकता’, जे असेल ते. मग शेजारी लिहा की ते कशाने मोजणार, आणि त्याच वेळी दुसरं काय काय बदलत असेल. शेजारची जागा कोरी राहिली, तर गाईडकडे जायच्या आधी शब्द बदला.